खडा टाकून मोजलेले पाणी

विंधनविहिरीतील पाणी किती खोल गेले आहे हे पाहण्याची आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. विहिरीच्या तोंडाशी जमिनीत रोवलेला जाड नळ, ज्याला आम्ही केसिंग म्हणतो, आणि त्याच्या आतून खाली गेलेला पाण्याचा पाइप, या दोहोंमध्ये बोटभर फट असते. त्या फटीतून बोराएवढा खडा सोडायचा, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात एका लयीत आकडे मोजायचे. खडा पाण्याला लागला की 'डुबुक' असा आवाज वर येतो. माझ्या लयीत हा आवाज पाचावर आला तर पाणी साठ फुटांवर आणि सहावर आला तर पंच्याऐंशी फुटांवर समजावे. सुतळीला वजन बांधून खाली सोडणे व तिचा कोरडा भाग मोजणे ही दुसरी रीत. परंतु ती नवशिक्यांची, असे माझ्या वस्तादांचे मत होते, आणि वस्तादांचे मत तेच माझे मत. चौतीस वर्षे मी खडा टाकूनच पाणी मोजीत आलो. त्या रीतीने माझ्या हातून एक अपराध घडला आणि तीन स्त्रियांच्या थोर मनामुळे तो निस्तरला. त्याची हकीकत मी येथे लिहून ठेवीत आहे. ज्यांचे उपकार मानायचे त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून भलतेच निघते. कागदासमोर तसे होत नाही.

रुग्णालयाच्या मागच्या रस्त्याला एक धुलाईघर आहे. रुग्णालयातील चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट हे सारे तेथे धुतले जाते. दोन मोठी धुलाईयंत्रे, एक पिळणारे यंत्र, इस्त्रीची सहा टेबले आणि अकरा कामकरी स्त्रिया, एवढा त्याचा पसारा. मालकीणबाईंना सगळे नुसते 'बाई' म्हणतात. यजमान अकाली वारल्यावर त्यांनी एका टबावर आणि दोन दोऱ्यांवर हा धंदा सुरू केला आणि पुढे तो एवढा वाढवला. अकरा जणींमध्ये वयाने थोरल्या त्या इस्त्रीवाल्या मावशी. त्यांची जीभ त्यांच्या इस्त्रीहून अधिक तापलेली असते, परंतु कपडा त्यांनी कधी जाळला नाही आणि माणूसही नाही. या धुलाईघराच्या अंगणातील विहीर आणि तिच्यात सोडलेला पंप मी एकोणीस वर्षे सांभाळीत होतो.

एका सोमवारी सकाळी बाईंचा निरोप आला की टाकीत पडणारी धार करंगळीएवढी झाली आहे. मी गेलो. माझ्या सवयीप्रमाणे लोखंडी सळईचे एक टोक पाइपला आणि दुसरे टोक कानामागच्या हाडाला लावले. खाली मोटर व्यवस्थित घुमत होती. तिचा आवाज मला स्वच्छ आला. मग मी खडा सोडला आणि मोजू लागलो. पाच झाले, सहा झाले, दहा झाले. काही नाही. दुसरा सोडला. काही नाही. तिसरा सोडला तेव्हा मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. विहीर मुकी राहिली.

आता वाटते, त्या क्षणी मी स्वतःविषयी शंका घ्यायला हवी होती. परंतु ज्या कानाने आताच मोटर ऐकली त्या कानावर कोण शंका घेणार? मी असा निष्कर्ष काढला की पाणी आटले, तळाशी नुसता गाळ उरला, आणि गाळात पडलेला खडा आवाज करीत नाही.

"बाई, विहीर गेली," मी म्हणालो.

"गेली म्हणजे?"

"पाणी तळाला गेलं. मोटर आता हवाच ओढतेय. अशी चालवलीत तर जळून जाईल. बटण बंद ठेवा."

मावशी इस्त्री उभी करून बाहेर आल्या. "अहो मिस्त्री, शनिवारपर्यंत टाकी वाहून जात होती! एका रविवारात विहीर माहेरी गेली की काय?"

"मावशी, जमिनीच्या पोटातलं कोणाला दिसतं?"

"तुम्हाला दिसतं म्हणून तर बोलावतो. नाहीतर आमचे डोळे काय वाईट होते?"

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या केसिंगजवळ येऊन उभ्या राहिल्या. "नक्की ना, मिस्त्री? मी दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. तुम्ही म्हणाल ते."

मी म्हणालो, "एकोणीस वर्षांत माझा शब्द कधी खोटा ठरलाय का?"

बाईंनी मान हलवली आणि बटण बंद केले.

दुसरी विहीर खणावी तर अंगणात यंत्र उभे राहण्याएवढी जागा नाही. पाण्याचा टँकर मिळतो, परंतु तो तिसऱ्या दिवशी, आणि रुग्णालयाच्या चादरी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाहीत. गुरुवारी मला कळले की बाईंनी यंत्रे विकायला काढली आहेत, शुक्रवारी सकाळी दहा वाजता गाडी येणार आहे, आणि अकरा जणींना दुसरीकडे काम शोधायला सांगितले आहे. मी घरी येऊन आमच्या मंडळींना हे सांगितले आणि जेवलो नाही. दैवापुढे माणसाचे काय चालते, अशा अर्थाचे काहीतरी मोठे वाक्यही मी बोललो. पुढे तिने मला सांगितले की त्या वेळी ती माझ्या बोलण्याचा नव्हे, तर माझ्या आवाजाचा विचार करीत होती. मी घरातल्या घरात इतक्या मोठ्याने का बोलतो, हे तिला कळत नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी ओट्यावर एका जळालेल्या मोटरची तार गुंडाळीत बसलो होतो. माझी पाठ दाराकडे होती. यानंतर जे घडले ते मला तिनेच नंतर सांगितले. कारण मी तेथे हजर असूनही नव्हतो.

तिच्या हातून पातेल्याचे झाकण फरशीवर पडले आणि गोल गोल फिरत राहिले. शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिले. मी मान वळवली नाही. तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ऐकलं का?"

मी तार गुंडाळीत होतो.

"अहो, माझी आई राहायला येतेय. चांगली महिनाभर."

या बातमीवर गेल्या तीस वर्षांत मी स्वस्थ बसल्याचे एकही उदाहरण नाही. मी तार गुंडाळीतच राहिलो.

"अहो, तुमच्या कॉलरवर पाल चढलीय."

मग ती पुढे आली आणि माझ्यासमोर ओट्याच्या पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून मी घाबरलो.

"अगं, काय झालं?"

"कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं की. हे बघ, आता तू बोललीस, मला आलं."

"आता माझं तोंड दिसतंय म्हणून आलं. मघापासून मागे उभी राहून बोलतेय मी. पाल म्हटलं तरी हलला नाहीत."

"कुठाय पाल?" मी दचकून उठलो.

ती हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "आणि मी खुळी, इतके दिवस समजत होते की तुम्ही मुद्दाम ऐकत नाही! शेजारणीचा नवरा ऐकत नाही, भावजी ऐकत नाहीत. म्हटलं, वय झालं की पुरुषांचं होतच असेल असं."

मलाही हसू आले, परंतु ते ओठांवर येईपर्यंत विरून गेले. सळईतून हाडाला लागणारा आवाज वेगळा आणि हवेतून कानात येणारा आवाज वेगळा, हे मला त्या क्षणी उमगले. मोटर मी हाडाने ऐकली होती. खडे मात्र कानाने ऐकायचे होते.

"बाईंच्या विहिरीत मी तीन खडे टाकले होते," मी म्हणालो.

पंपवाल्याच्या घरात तीस वर्षे काढलेल्या बाईला याहून अधिक सांगावे लागत नाही. तिने घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ वाजत होते.

"उठा."

मी उठलो नाही. येथे मला माझे मन झाकून ठेवता आले असते, परंतु मग ही हकीकत लिहिण्यात अर्थ नाही. मी हिशेब करीत होतो की यंत्रे गेली की विहिरीच्या तोंडावर झाकण बसेल, आणि एकदा झाकण बसले की त्या खड्यांचा साक्षीदार जगात उरणार नाही. मी तिला तसे बोलूनही दाखवले.

"गेलो तर उद्यापासून मला कोण बोलावील? बहिरा पंपवाला म्हणजे आंधळा शिंपी."

"आणि नाही गेलात तर?"

"कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."

"तू थोडीच सांगणारेस?"

"मी कशाला सांगू? मी आपली रोज जेवताना तुमच्यासमोर बसेन." ती उठली, माझ्या चपला आणून माझ्या पायांशी ठेवल्या आणि म्हणाली, "घाला. मीही येते. तिथं कोणी काही पुटपुटलं तर तुम्हाला कळायला नको?"

आम्ही सामानाच्या तीनचाकीतून निघालो. चेनपुली, तिकाटण्याचे तीन खांब, पकडी आणि पाने मागच्या हौद्यात टाकले होते. सुतळीचा गुंडा आणि एक जड नट तिने मांडीवर घेतले होते.

धुलाईघराच्या फाटकात गाडी आधीच उभी होती. यंत्रे घेणाऱ्या गृहस्थांची दोन माणसे पहिल्या यंत्राचे जमिनीतील बोल्ट सोडवीत होती. चारांपैकी दोन निघाले होते. अकरा जणी भिंतीशी उभ्या होत्या. बाईंच्या हातात ओले फडके होते आणि जे यंत्र तासाभरात परक्याचे होणार होते, त्याचे काचेचे दार त्या पुसत होत्या. ते दृश्य पाहिल्यावर, वाटेत जुळवून ठेवलेली माझी सगळी वाक्ये पळून गेली.

"बाई," मी म्हणालो, "बोल्ट सोडवू नका. मला ऐकू येत नाही."

"काय?"

"मला ऐकू येत नाही. सोमवारी मी खडे टाकले आणि आवाज आला नाही. आवाज आला असेल. मलाच आला नाही."

सगळीकडे शांतता झाली असावी. मला ती नेहमीसारखीच वाटली. बाईंनी फडके यंत्रावर ठेवले. "म्हणजे विहिरीत पाणी आहे?"

"ते मला माहीत नाही. मी खोटी आशा दाखवायला आलो नाही. सोमवारी मी जे छातीठोकपणे सांगितलं त्याला काही आधार नव्हता, एवढंच मला माहीत आहे. आता मोजून सांगतो."

यंत्रवाले गृहस्थ काहीतरी बोलले. माझी मंडळी माझ्या डाव्या हाताशी उभी होती. तिने लगेच माझ्याकडे तोंड करून ते पुन्हा सांगितले. "ते म्हणतायत, गाडी रिकामी उभी करायला आणली नाही."

मावशी पुढे झाल्या. "साहेब, गाडीला पाय फुटले नाहीत. चहा घ्या. एवढ्या लांबून आलात, बसा. आणि तुमच्या माणसांनाही पाने खाली ठेवायला सांगा, जड असतात."

"चार वाजेपर्यंत थांबतो," ते गृहस्थ घड्याळ पाहत म्हणाले. "चारला सौदा झाला तर झाला, नाहीतर नाही."

मी नटाला सुतळी बांधली आणि ती फटीतून खाली सोडू लागलो. वस्ताद हयात असते तर त्यांनी तोंड फिरवले असते. हातामागून हात सुतळी जात होती. पन्नास फूट गेले, ऐंशी गेले. बाई माझ्या हातांकडे पाहत होत्या. सुतळी अर्ध्याहून अधिक सुटल्यावर मी तोंडाशी गाठ मारून खूण केली आणि ती वर ओढायला लागलो. प्रथम ओला नट आला. त्यामागून ओली सुतळी येऊ लागली आणि येतच राहिली. मी ती अंगणात लांब पसरवली. मावशींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन ती चिमटीत दाबून पाहिली, जणू दोरीवरची चादर वाळली की नाही हे बघत होत्या.

"ही ओली, ही ओली, ही ओली," त्या म्हणत गेल्या, "आणि इथपासून कोरडी. मिस्त्री, हे किती झालं?"

मी मोजले. खुणेपासून पंच्याण्णव फूट कोरडे. विहीर दोनशे फुटांची आहे. मोटर एकशेऐंशी फुटांवर. म्हणजे मोटरच्या डोक्यावर पंच्याऐंशी फूट पाणी उभे होते.

मी हे सांगितले आणि बाई कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसल्या. त्यांना आनंद झाला असे मला वाटले, परंतु त्यांनी वर पाहिले तेव्हा त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"चार रात्री मी झोपले नाही," त्या म्हणाल्या, आणि हे शब्द मला कोणाच्या मदतीवाचून ऐकू आले. "अकरा जणींना मी तोंडावर सांगितलं की काम बघा. ही, ही कोपऱ्यातली, हिने काल खोली सोडायची ठरवली. आणि तुम्ही म्हणालात, माझा शब्द खोटा ठरलाय का!"

"होय. म्हणालो."

"आता गप्प उभे राहू नका. पाणी आहे तर मग वर का येत नाही ते सांगा."

तो राग मला औषधासारखा लागला. त्यांनी मला हाकलले नाही, काम सांगितले.

मी बटण दाबायला लावले आणि मंडळींना केसिंगशी कान लावायला सांगितले. ती गुडघ्यांवर बसली, केस मागे सारले आणि कान टेकवला. तिने आयुष्यात कधी विहीर ऐकली नव्हती. तिचे डोळे मोठे झाले.

"अगंबाई! आत कोणीतरी आंघोळ करतंय."

"म्हणजे कसं? नीट सांग."

"म्हणजे वरून पाणी पडतंय खाली. शिंतोडे उडाल्यासारखं. भिंतीवर आपटतंय."

"खोल आहे की जवळ?"

तिने पुन्हा कान लावला. "दोन आवाज आहेत. मला वाटतं, एक इथं जवळच आपटतंय आणि मग तेच खाली लांब पडतंय."

आमच्या धंद्यात याहून स्पष्ट निदान मी ऐकलेले नाही. पाइपला वरच्या भागात कोठेतरी भोक पडले होते. मोटर बिचारी पाणी चढवीत होती आणि ते वाटेतच पुन्हा विहिरीत पडत होते. वर येत होती ती उरलीसुरली करंगळीएवढी धार. सोमवारी माझे कान शाबूत असते तर हा आवाज मी फाटकातूनच ओळखला असता.

आता पाइप वर खेचायचे होते. एरवी मी या कामाला दोन हमाल घेतो. त्या दिवशी ते कोठून मिळणार? मी तिकाटणे उभे केले, चेनपुली टांगली, आणि मावशींनी आपल्या दहा जणींकडे वळून हाक दिली.

"चला गं. ओल्या चादरी पिळून पिळून दंड कशासाठी कमावलेत?"

त्या आल्या. चौघी चौघींनी पाळीपाळीने साखळी ओढली. प्रत्येक पाइप वीस फुटांचा. तो वर आला की त्याच्या खालच्या पाइपला पकड घट्ट आवळायची, जेणेकरून सगळा भार तिच्यावर टेकेल, आणि मगच वरचा फिरवून सोडवायचा. पकड सैल राहिली तर उरलेले सगळे पाइप मोटरसकट तळाला जातात आणि मग खरोखरच विहीर गेली असे म्हणावे लागते. म्हणून पकडीचा प्रत्येक नट मी स्वतः दोनदा आवळत होतो. साखळी घसरली तर तिचा आवाज आधी येतो, हेही मला आठवले, आणि मी मंडळींना पुलीखाली उभे करून सांगितले की वेगळा आवाज आला तर माझ्या पाठीत गुद्दा मार.

"जोरात?" तिने विचारले.

"जोरात."

"बघा हं. तीस वर्षांचं साठलंय."

अकरा जणी हसल्या. बाई हसल्या नाहीत, परंतु त्या माझ्यासमोर पाना घेऊन उभ्या होत्या आणि मी हात पुढे करताच तो माझ्या हातात देत होत्या.

पहिला पाइप निघाला. धडधाकट. दुसरा निघाला. तोही तसाच. तिसरा वर येत असताना त्याच्या खालच्या अंगाला, जोडाच्या जरा वर, मला गंजाचा पोपडा दिसला. मी अंगठ्याने तो दाबला आणि माझा अंगठा पाइपच्या आत गेला.

"हा बघा चोर," मी म्हणालो.

मावशींनी वाकून भोकातून आरपार पाहिले. "एवढ्याशा भोकापायी आम्ही घरी बसणार होतो होय?"

"भोकापायी नव्हे, मावशी. माझ्यापायी."

नवा पाइप आणायला बाजार गाठावा लागला असता आणि अडीच वाजून गेले होते. परंतु आता माझ्याजवळ सुतळीचे माप होते. एक पाइप कमी केला तर मोटर एकशेसाठ फुटांवर टांगली जाईल आणि तरीही तिच्या डोक्यावर पासष्ट फूट पाणी राहील. खड्याने मला पाण्याचा नुसता अंदाज कळत आला होता. मोटर बेधडक वीस फूट वर घ्यावी, एवढा भरवसा त्याने कधी दिला नसता. मी कुजका पाइप बाजूला टाकला, चौथ्याच्या डोक्यावर दुसरा बसवला, जोडावर सुताचा धागा आणि रंग लावला, वायर बांधून घेतली आणि आम्ही सगळे पुन्हा खाली सोडले. सव्वातीन वाजता बाईंनी बटण दाबले.

प्रथम पाइपातून खोकल्यासारखी हवा आली. मग लालसर, गंजलेले पाणी आले. मग ते पांढरे झाले आणि टाकीच्या पत्र्यावर असे आदळू लागले की पत्रा थरथरलेला मला हाताला कळला. मंडळींनी न सांगता केसिंगला कान लावला.

"आंघोळ संपली," तिने सांगितले.

यंत्रवाले गृहस्थ चहाचा तिसरा कप हातात घेऊन हे सारे पाहत होते. त्यांनी आपल्या माणसांना खूण केली. माणसांनी पाने उचलले आणि जे दोन बोल्ट सोडवले होते ते पुन्हा बसवायला सुरुवात केली. ते त्या गृहस्थांना कोणी सुचवले नव्हते. जाताना ते गृहस्थ बाईंना म्हणाले, "माझं नुकसान झालं खरं. पण चहा चांगला होता." त्यांचेही आभार मी येथे मानतो.

सगळी पांगापांग झाल्यावर मी सामान गोळा केले आणि बाईंपुढे उभा राहिलो. "बाई, यापुढे दुसरा चांगला माणूस बघा. मी नाव सुचवतो."

"मिस्त्री," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तोंड मोठे उघडून, सावकाश बोलू लागल्या. "मला राग आलाय. तो आणखी चार दिवस राहील. त्या दिवसांत माझ्यासमोर येऊ नका. पाचव्या दिवशी येऊन खालचे, मोटरकडचे पाइप तपासा, तेही जुनेच आहेत."

"मीच?"

"गाडी फाटकात आल्यावर येऊन 'माझं चुकलं' म्हणणारा दुसरा मिस्त्री तुमच्या ओळखीचा असेल तर त्याचं नाव सुचवा. आणि यांना बरोबर आणत जा."

मी खाली पाहिले. वर पाहिले तेव्हा त्या अजून बोलत होत्या आणि पहिले शब्द माझे निसटले होते. मंडळींनी ते मला सांगितले. बाई विचारीत होत्या, "अशा आणखी किती विहिरी तुम्ही कानाने तपासल्यात?"

हे माझ्या मनातही आले नव्हते. मला वाटले होते की येथे पाणी आले म्हणजे माझा अपराध फिटला. त्या विहिरीपलीकडे पाहायला मला बाईंनी शिकवले, आणि त्यांच्या सगळ्या उपकारांत मी याला पहिला मान देतो.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी बसून आठवले. गेल्या वर्षभरात नऊ ठिकाणी मी नुसत्या कानावर भरवसा ठेवून निकाल दिला होता. पुढच्या आठ दिवसांत आम्ही त्या नऊही ठिकाणी गेलो. फाटकातच मी सांगून टाकीत असे की मला कमी ऐकू येते, म्हणून मागे दिलेला निकाल पुन्हा तपासायला आलो आहे. एका ठिकाणी फाटक उघडलेच नाही. सहा ठिकाणी माझे म्हणणे बरोबर निघाले. एका रोपवाटिकेत मी मोटर विनाकारण चाळीस फूट खाली उतरवली होती. तेथील माळीबुवा मला पुष्कळ बोलले आणि नंतर आम्हा दोघांना सावलीत बसवून पाणी दिले. एके ठिकाणी मी चांगले बेअरिंग खराब म्हणून बदलले होते. ते गृहस्थ म्हणाले, "आता नवं आहे ना? मग चालू दे."

कानाच्या डॉक्टरांनी मला एक लहानसे यंत्र दिले आहे. घरात मी ते लावतो. परंतु चालू पंपाशेजारी त्यातून एवढा गोंगाट होतो की ते काढून ठेवावे लागते. म्हणून कामावर मंडळी बरोबर असते. विहिरीच्या पोटातला आवाज ती मला आपल्या शब्दांत सांगते: कोणी कुजबुजतंय, कोणी घोरतंय, कोणी डाळ घोटतंय. त्यातून कोठे भोक आहे, कोठे वाळू शिरली आहे, कोठे पंखा झिजला आहे हे मी ओळखतो, आणि मग सुतळी सोडून मोजतो.

परवा बाईंकडे ते मोटरकडचे पाइप तपासण्यासाठी गेलो होतो. चार दिवसांचा राग दहा दिवस राहिला होता, परंतु संपला होता. मंडळी केसिंगला कान लावून बसली होती. मावशी इस्त्री सोडून आल्या आणि माझ्याकडे न पाहता सरळ तिला विचारू लागल्या, "काय गं बाई, कशी आहे आमची विहीर?"

ती उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि मला ऐकू यावे म्हणून माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "यांना विचारा. मला नुसतं ऐकू येतं. समजतं यांना."